श्वास रोखा, अक्का

आमच्या वरच्या मजल्यावरचे चिकोडीकर डॉक्टर नमस्कार करत नाहीत. नखं मागतात. "स्वल्प नखं जोडा बघू," म्हणतात. मग आपण दोन्ही तर्जन्या उलट्या करून नखाला नख लावायचं आणि मधल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या इवल्या फटीतून उजेड दिसतो का, ते त्यांनी बघायचं. दिसला तर बहुधा फुप्फुसं ठीक. नाही दिसला तर त्यांचा चेहरा खुलतो.

व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून डोकं घालून तुम्हा नातवंडांना जीभ दाखवायला सांगणारे ते हेच.

डॉक्टर मूळचे निपाणीकडचे. जन्मभर या कानडी शहरातल्या जयनगरच्या एका सेंटरमध्ये त्यांनी लोकांचे एक्स-रे वाचले. ते सेंटर बंद पडलं, वाचन बंद पडलं नाही. आता फिल्म मिळत नाही म्हणून ते माणसं वाचतात. खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात ते आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि नवऱ्या मुलाची खालची पापणी ओढून म्हणाले, "रक्त कमी आहे ओ. हार जड होत असेल." फोटोग्राफरने तो क्षण नेमका टिपला. अल्बममध्ये आहे.

त्यांच्या शास्त्रातली नावं उपाशी माणसांनी ठेवलेली असावीत. पीळ पडलेलं आतडं कॉफीच्या बीसारखं दिसतं, आतड्यातली गाठ खाऊन टाकलेल्या सफरचंदासारखी. ही माहिती ते आपण कॉफी किंवा सफरचंद तोंडात घातल्यावरच देतात. पुण्याहून आलेल्या आयटीतल्या भाडेकरूने एकदा सांगून पाहिलं, "सर, माझं ॲन्युअल चेकअप झालंय, सगळं नॉर्मल आहे."

"असूं दे की," डॉक्टर म्हणाले. "कॉलर स्वल्प खाली करा. मानेची शीर बघतो."

मुलगा आता जिन्याऐवजी लिफ्ट वापरतो. पहिल्या मजल्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात माझा खोकला जाईना, म्हणून एक्स-रे काढला. हल्ली फिल्म देत नाहीत, फोनवर लिंक पाठवतात. उजव्या फुप्फुसात नाण्याएवढा ठिपका. हॉस्पिटलमधली डॉक्टर मुलगी गोड होती. म्हणाली, "आजी, जुना एक्स-रे असेल तर आणा. ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर काळजी नाही. नसेल तर सुईने तुकडा काढून बघावा लागेल, कॅन्सर तर नाही ना म्हणून."

जुना एक्स-रे होता. तुमच्या बाबाने शाळेत असताना तो कापून त्यातून सूर्यग्रहण बघितलं. विज्ञानाची आवड होती त्याला.

मी फोन घेऊन वर गेले. डॉक्टरांनी ठिपका बोटांनी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मी टोमण्याची वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "नातवंडं कशी आहेत?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला असा माणसासारखा प्रश्न विचारला नव्हता. मी घाबरले ती तेव्हा, हॉस्पिटलमध्ये नाही.

मग डॉक्टर दिसेनासेच झाले. सकाळी बाहेर पडत, अंधार पडल्यावर परतत. मी कपाटं आवरली. कुठली किल्ली कशाची, त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. तुम्हाला काही कळवलं नाही. परीक्षा होत्या तुमच्या, आणि रडका फोन मला जमत नाही.

सुई टोचायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात डॉक्टर, केसांपासून बुटांपर्यंत धुळीने राखाडी, हातात एक फिल्म. विचारल्याशिवाय आत आले, सोफ्यावर बसले आणि फिल्म दिव्यासमोर धरली.

"हे बघा. तेव्हाबी इथंच, तेव्हाबी एवढाच. जुन्या क्षयाचा वण आहे, चुन्यासारखा घट्ट झालाय. होऊन गेला, तुम्हाला कळलंबी नाही."

कोपऱ्यात माझं नाव होतं. "पण माझी फिल्म तर कापली होती."

"ती दुसरी. ही पहिली, हललेली. मी म्हणालोय, श्वास रोखा अक्का, आणि तुम्ही मला विचारालाय, पंखा का लावत नाही. म्हणून परत काढावी लागली. बिघडलेल्या फिल्मांची सेंटरच्या मालकानं पोती भरून पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या शेडात टाकली होती, चांदी काढायला द्यायची म्हणून. दिलीच नाहीत त्यानं. आळशी माणूस, देव त्याचं भलं करो."

"आणि तुम्ही ती पोती उपसत होतात? या वयात?"

त्यांनी ताक मागितलं. दिलं, तर ग्लास नुसताच हातात धरून बसले.

"आमची ही, विमल, गेल्यापासून मला मराठीत टोचून बोलणारं ह्या बिल्डिंगमध्ये तुम्ही एकट्याच आहात ओ," ते ग्लासकडे बघत म्हणाले. "बाकी सगळे सर, सर करतात."

मी उगाच पदराने टीपॉय पुसू लागले. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, अगदी काळजीने. "बोला की ओ, अक्का."

"त्या धुळकट पँटने माझ्या सोफ्यावर कोणाला विचारून बसलात?" मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांनी ताकाचा पहिला घोट घेतला.