पानथरीची पट्टी

टाके नसलेली शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्रात फार मानली जाते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात ती झालीच असं मानत नाहीत.

इग्नेशियसची पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव, गरजेपेक्षा जास्त काम करत होती. जुन्या रक्तपेशी मोडणं तिच्याकडे सोपवलेलं होतं. पण कोणत्याही उत्साही खात्याप्रमाणे तिने चांगल्याही मोडायला घेतल्या. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून तिचा निम्मा रक्तपुरवठा बंद केला. (खात्यांवर हा उपाय अजून झालेला नाही.) तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडताना त्याच्या बायकोच्या, कॅथरीनच्या हाती एक कागद दिला: थोडा ताप येईल, डावी कूस दुखेल, ताप वाढत गेला तर लगेच परत आणा.

ताप वाढत गेला. कागदात न लिहिलेली गुंतागुंत मात्र पुढच्या दाराने आली. चार दिवसांत एकेचाळीस माणसं भेटून गेली. अडतीस जणांनी टाके किती ते विचारलं, दोघांनी तो बोटीवर कधी येणार ते विचारलं आणि एकजण चुकून आला होता (तोही चहा घेऊन गेला). जखम एकच, मुगाएवढी, आणि तीही अशा जागी की चर्चच्या महिला मंडळाला दाखवता येईना.

इग्नेशियसचा थोरला भाऊ मार्सेल जाळी शिवायला माणूस नाही म्हणून आधीच वैतागलेला. तो म्हणाला, "टाकं नाय, मंग ऑपरेशन कसलं?"

इग्नेशियसला हे पटलं. एकशेतीन तापात तो जाळं घेऊन बसला. एवढ्याशा भोकासाठी पुन्हा रिक्षा करून दवाखान्यात जायची त्याला लाज वाटत होती. कॅथरीन विनवत राहिली, भांडली, रडली. तिला आता फार भीती वाटत होती.

सातव्या दिवशी तो ग्लानीत कुडकुडत असताना तिने कापसाचं अख्खं बंडल त्याच्या धडधाकट पोटावर ठेवलं, वीतभर रुंद पट्टी गुंडाळली आणि मधोमध आयोडीन ओतलं. अर्ध्या तासात वस्तीने जखम चिघळल्याचं जाहीर केलं. मार्सेल स्वतः रिक्षा घेऊन आला. इग्नेशियसने डोळे उघडून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि घाबरला.

"कॅथरीन, मना ने लवकर," तो म्हणाला.

पानथरीत पू झाला होता. डॉक्टरांनी तो नळीने काढला. आणखी दोन दिवस गेले असते, तर 'शस्त्रक्रिया झाली होती' हे चर्चमध्ये, त्याच्या शवपेटीभोवती उभं राहून, सर्वांनी एकमताने मान्य केलं असतं.

आता तो बरा आहे. पट्टी कॅथरीनने उकळून ठेवली आहे आणि ती गरजूंना वापरायला देते. सध्या पट्टी जूचंद्र गावी एका पाठदुखीसाठी गेली आहे. तुमच्याही घरात कोणी आठवडाभर "बरं वाटत नाही" म्हणत असेल, आणि तुम्ही "हं" म्हणून हे वाचत बसला असाल, तर पट्टी न्यायला त्या माणसालाच पाठवा. तुम्हाला वेळ नसेलच.