काना-मात्रेचा फरक न करता

वामनराव परतूरकरांच्या घरी मी पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हा त्यांनी आधी माझी सही मागितली.

नल्लकुंटा मोहल्ल्यात त्यांच्या समोरची खोली मी नुकतीच भाड्यानं घेतली होती. शाळेतली मास्तरकी नवी, गल्ली नवी आणि माठ अजून घ्यायचा होता, म्हणून तांब्या घेऊन गेलो. वामनरावांनी मला माजघरात नेलं आणि भिंतीवर लावलेल्या एका पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'घराचा जाबता', आणि खाली बारा कलमं होती. कलमाला ते दफा म्हणत, कारण त्यांचा जन्म उर्दू कारभाराच्या अदालतीत गेला होता. दफा पहिली, चपला उंबऱ्याबाहेर, टाचा भिंतीकडं. दफा दुसरी, वर्तमानपत्र आधी घरमालक वाचील. दफा चौथी, पान संध्याकाळी साडेसातला, उशिरा येणाऱ्यास जेवण नाही. पाहुण्यानं हे सगळं वाचून खाली सही करायची. मी केली. मग पाणी मिळालं, वर गुळाचा खडाही मिळाला.

पुढं मी त्या घरात रोज जाऊ लागलो, पण तो पुठ्ठा पुन्हा काही वाचला नाही. रोज दिसणारं कोण वाचतं?

वामनराव अदालतीत नक्कलनवीस होते. म्हणजे मूळ कागदाची, त्यांच्या भाषेत असलची, हुबेहूब नक्कल करून द्यायची आणि शेवटी लिहायचं, 'काना-मात्रेचा फरक न करता'. खाडाखोड झालीच, तर तिच्याशेजारी सही आणि तारीख. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं एक वाक्य कुठं घातलं नव्हतं. एकदा एका जुन्या अर्जावर डास चिरडलेला होता. वामनरावांनी नकलेत त्याच जागी डास काढला आणि समासात नोंद केली, 'असलात खरा आहे.' साहेबानं बोलावून झापलं. वामनराव शांतपणे म्हणाले, "दिलाला लावून घेऊ नका साहेब, दफा बघा."

हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत. भाजीवालीला, जावयाला, देवळातल्या पुजाऱ्याला. त्यांच्या मुलाला, मधुकरला, तर लहानपणापासून दुसरं काही ऐकूच आलं नसावं. मी आलो त्याच्या थोडं आधीच मधुकर पुण्याला मावशीकडं शिकायला गेला होता. निदान वामनराव तसं सांगत.

आमच्या गल्लीत मराठी वाचनालय होतं. दोन खोल्या, तीन कपाटं आणि भांडणं मात्र भरपूर. तिथल्या कथास्पर्धेत आदल्या वर्षी पहिला नंबर अध्यक्षांच्या साडूला मिळाला. अध्यक्ष पेशानं वकील, त्यांनी बाजू छान मांडली, पण निम्म्या सभासदांनी वाचनालयात यायचं बंद केलं. तेव्हा या वर्षी नियम चोख हवेत असं ठरलं आणि काम वामनरावांकडं आलं. भुकेल्याला पंगतीत बसवावं तसं झालं.

त्यांनी सव्वीस दफा आणल्या. परीक्षक कुणाही स्पर्धकाचा नातलग नसावा, ही दफा पाचवी. मग नातं कुठवर धरायचं यावर दोन रविवार गेले. आमची सगळी माणसं परभणी, नांदेड, औरंगाबादकडून आलेली, जो तो कुणाचा तरी व्याही किंवा मामेसासरा. शेवटी सिकंदराबादेत रेल्वेच्या कचेरीत एक अविवाहित, अनाथ गृहस्थ सापडले. त्यांना नातलगच नव्हते. वामनराव त्यांच्यावर इतके खूश झाले की परत येताना म्हणाले, "काय माणूस आहे मास्तर, जगात कुणी म्हणून नाही त्याला."

दफा आठवी सर्वांत विचित्र होती. आम्ही इतके थोडे, की अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. म्हणून आलेल्या सगळ्या कथा एकाच हातानं नकलून, वर फक्त आकडा घालून परीक्षकाला द्यायच्या. हात अर्थातच वामनरावांचा. दफा नववी, नक्कल करताना काना-मात्रेचा फरक झाल्यास ती कथा बाद. आणि दफा अकरावी, लेखकांच्या नावांचे लखोटे निकालाआधी उघडले जाणार नाहीत, कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही हुकुमानं.

"'कोणाच्याही हुकुमानं' एवढं काढा," अध्यक्ष म्हणाले. "दिवस काय आहेत ते बघा."

दिवस वाईटच होते. देश स्वतंत्र झाला होता, आमचं संस्थान व्हायचं होतं. चार माणसं जमायची तरी परवानगी लागे. संध्याकाळी हत्यारं घेतलेल्या टोळ्या रस्त्यानं घोषणा देत जात आणि आम्ही दारं लावून बसत असू. मुलं रातोरात घरातून नाहीशी होत आणि सरहद्दीपलीकडच्या लढ्याच्या छावण्यांत सापडत, किंवा सापडत नसत.

वामनराव म्हणाले, "दिलाला लावून घेऊ नका वकीलसाहेब. दफा राहील."

सदतीस कथा आल्या. त्यातली एक माझी होती. छावणीत गेलेला मुलगा आणि त्याची वाट बघणारी आई, अशी गोष्ट. आता वाचली तर मला तिच्यात फार काही दिसत नाही, पण तेव्हा लखोट्यावर लाख टेकवताना वाटलं, यात माझं नाव नाही, माझी नोकरी आहे.

गोकुळाष्टमीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन वाचनालयात आले. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. कुणीतरी वर्दी दिली होती. त्यांनी नकलांचा गठ्ठा सोडला, सांगितलेला आकडा शोधला आणि माझी कथा वर काढली. मी खिडकीपाशी वर्तमानपत्र धरून उभा होतो. ते उलटं होतं हे मला नंतर कळलं.

"ये किसके हाथ का है जी?"

"मेरे हाथ का, सरकार," वामनराव म्हणाले.

"हौर ये?"

"वो भी. सब के सब, सैंतीस."

"तो फिर ये किस्सा तुमीच लिखे."

"नक्को जी. नक्कल मेरी है, असल दूसरे की. किसकी, वो नतीजे के बाद खुलता. दफा ग्यारा." आणि त्यांनी नियमांचा कागद अमीनसाहेबांपुढं धरला.

अमीनसाहेबांनी तो वाचला नाही. असल आणि लखोटे कुठं आहेत, असं त्यांनी तीनदा विचारलं. वामनरावांनी तीनदा सांगितलं की दफेत सांगायची मुभा नाही. तिसऱ्या खेपेला शिपायानं त्यांचा दंड धरला. त्यांची टोपी पडली. ती उचलून मी त्यांच्या हातात दिली, आणि तेवढंच केलं. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. ही लाज मी अजून घेऊन फिरतो.

झडती होणार हे उघड होतं. मी मागच्या बोळानं पळत जाऊन वामनरावांच्या बायकोला, राधाकाकूंना, सांगितलं. त्या सादळलेले पापड पुन्हा वाळत घालत होत्या. त्यांनी उठून मोठा पत्र्याचा डबा जवळ ओढला आणि त्यावरच बसल्या. शिपाई आले, कोठी उपसली, गाद्या उसवल्या. एकजण डब्याकडं वळला, तेव्हा काकू म्हणाल्या, "सोवळ्याचा आहे बाबा, शिवू नको. पुन्हा सगळे करावे लागतील." तो बिचारा दोन पावलं मागं सरला आणि वर काकूंची माफी मागून गेला.

डब्यात वर पापड होते आणि खाली सदतीस असल, सदतीस लखोटे.

"काकू, ती कथा..." मी म्हणालो.

"मला काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तर ते सुटून आल्यावर तुमच्यावरच दावा लावतील. दफा मोडली म्हणून."

तरी मी गेलो. चौथ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन चौकीवर गेलो. वामनराव गजांआड उकिडवे बसले होते, दाढी वाढलेली, ओठ सुजलेला. शिपाई जरा लांब गेला तसा मी म्हणालो, "वामनराव, मी आत जाऊन सांगतो. ती कथा..."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "कोण तुम्ही? कसली कथा? मला स्पर्धकाचं नाव कळलं तर मीच बाद होईन की हो."

"शिपाई मारतायत तुम्हाला."

"दिलाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत. मग पोळी दोन बोटांनी सारखी दुमडत बसले. माझं अक्षर तीस वर्षांच्या नक्कलनवीसाला ठाऊक नसेल, हे मला खोटं वाटत होतं, पण विचारायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

अदालतीनं त्यांना कामावरून दूर केलं. रोज मी चौकीच्या रस्त्यानं शाळेत जाई आणि रोज वाटे, आज सांगू. रोज आत जायच्या ऐवजी पुढं जाई. मग पोलीस ॲक्शन झाली, देशाच्या फौजा संस्थानात शिरल्या. चार-पाच दिवसांत सगळं उलटंपालटं झालं, अमीनसाहेब कुठं गेले कुणास ठाऊक, आणि वामनराव एका सकाळी नकलांचा गठ्ठा काखेत धरून चालत घरी आले. चौकीतून निघताना त्यांनी तो मोजून घेतला होता. सदतीस.

दसऱ्याला निकाल लागला. परीक्षकांनी पहिल्या नंबराचा लखोटा सगळ्यांसमोर फोडला आणि माझं नाव वाचलं. टाळ्या झाल्या. वामनरावांनी तोंडावर असं काही आश्चर्य आणलं की अध्यक्षांचाही विश्वास बसला. मग परीक्षक म्हणाले, या कथेतलं एक वाक्य मला पाठ झालंय, आणि नकलेतून वाचू लागले.

"'त्या घरात उशिरा येणाऱ्याला जेवण नाही असा नियम होता. तो बापानं खोडला, पण खोडल्याचं पोराला कळवायचं कुठं, ते बापाला माहीत नव्हतं.'"

मी ऐकत राहिलो. हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या कथेत बापच नव्हता. मी वामनरावांकडं पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते मला हाताला धरून घरी घेऊन गेले. माजघरात बसवून त्यांनी एक कागद पुढं केला. माझ्या नावानं लिहिलेला अर्ज होता, दफा नववीचा भंग झाल्याबद्दल, नक्कलनवीसाविरुद्ध.

"सही करा. तुमचा नंबर जाईल, माफ करा. माझं नावही त्या कामावरून काढतील. तीस वर्षांत कधी झालं नव्हतं मास्तर. त्या ओळीला आलो आणि हात थांबला नाही."

मी भिंतीकडं पाहिलं. पुठ्ठा तिथंच होता. दफा चौथीवर पट्टी लावून मारलेली सरळ रेघ होती, आणि शेजारी, अदालतीच्या रिवाजाप्रमाणं, सही आणि तारीख. शाई जुनी झाली होती. तारीख मी तिथं सही केल्यानंतर थोड्याच दिवसांची होती.

"पुणं नाही की हो," काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या. "मधुकर सभेहून उशिरा आला. यांनी पान उचललं होतं. तो तसाच गेला छावणीत. आता सगळ्यांची पोरं येऊन राहिलीत. येईल."

वामनराव अर्जाची कड बोटानं सरळ करत राहिले.

"अर्ज चुकीचा आहे," मी म्हणालो. "असल आणा."

काकूंनी डबा उघडला. बक्षीस म्हणून मला फाउंटन पेन मिळालं होतं. ते वामनरावांच्याच दौतीतून भरलं आणि माझ्या असलात, त्याच जागी, ते वाक्य लिहिलं. शेजारी सही केली, तारीख घातली.

वामनरावांनी नक्कल आणि असल शेजारीशेजारी ठेवली. ओळीवर बोट ठेवून ते सावकाश वाचत गेले. त्या जागी पोचल्यावर बोट बराच वेळ तिथं राहिलं.

"काना-मात्रेचा फरक नाही," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

काकूंनी पाट मांडले. वामनरावांचा, स्वतःचा, माझा आणि दाराकडं तोंड केलेला चौथा. साडेसात केव्हाच होऊन गेले होते. आम्ही तिघं हात धुऊन बसलो, आणि वाढायला कुणी सुरुवात केली नाही.