अप्पा बाहेर पडेपर्यंत

काजळी कोंबडीचं अंडं पोटात अडकलं याला रोहिदासचे थोरले काका, अप्पा, जबाबदार होते, आणि हे खुद्द अंड्यानंच सांगितलं. सकाळी अप्पांनी उंबरा ओलांडल्याशिवाय घरातल्या कुणी बाहेर पडायचं नाही, हा त्यांचा नियम. अंड्यानं तो आतून ऐकला होता.

आणि अप्पा बाहेर पडत नव्हते. आदल्या दिवशी जत्रेतला पहिला नारळ पंचांनी दुसऱ्याच्या हातून फोडला, तेव्हापासून ते रुसून माजघरात बसले होते. पंच मनधरणीला आल्याशिवाय हलणार नव्हते. घरची माणसं मागल्या दारानं ये-जा करून नियम पाळत होती. अंड्याला एकच दार होतं.

काजळी शेपूट पाडून, पाय फाकवून उभी राही, कुंथे आणि डोळे मिटून घेई. काकीनं सांगितलं तसं रोहिदासनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तिला पोटापर्यंत बसवलं, मागून एरंडेल लावलं, पोटावरून हलकी बोटं फिरवली. अंडं अगदी तोंडाशी आलं.

"अप्पा गेले का, दादा?" अंड्यानं विचारलं.

"गेले."

"चपला नाही वाजल्या."

मग रोहिदासनं अप्पांच्या करकरत्या चपला घालून ओट्यावर फेऱ्या मारल्या. अंडं म्हणालं, अप्पा एवढ्या घाईनं कधी चालत नाहीत. आणि परत आत सरकलं.

ही कोंबडी त्याच्या आईनं पिल्लू असताना पदरात घालून आणलेली. अप्पांच्या चहाबरोबर रोज तिचंच अंडं उकडलं जाई. आईचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. आईच्या पोटात कळा आल्या तेव्हा रिक्षा दारात उभी होती आणि अप्पांची दाढी चालली होती. मागल्या बाजूला रिक्षा जात नाही.

रोहिदास काजळीला काखेत घेऊन माजघरात गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या माणसाचे पाय धरले. चार पावलं टाका, म्हणाला, मग परत येऊन रुसा.

अप्पांनी कोंबडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कॉलेज सोडताना मला विचारलं होतंस?"

"नाही."

"त्या अंड्याला बघ. अजून जन्माला आलं नाही, पण वळण आहे."

रोहिदास म्हणाला, या वळणापायी ती मरेल. अप्पा म्हणाले, वळणानं कुणी मरत नाही, तुझी आईसुद्धा वेळ भरली म्हणून गेली. काकी चुलीशी होती. तिनं पाठ फिरवली. त्या घरात बायकांनी एवढंच करायचं असे.

संध्याकाळी काजळीनं त्याच्या मांडीवर मान टाकली. अंडं बराच वेळ आतून विचारत राहिलं, एवढं गार का लागतंय.

सकाळी पंच नारळ घेऊन आले. अप्पांनी धोतर झटकलं, चपला घातल्या, उंबरा ओलांडला. चपला वाजल्या तसं मेलेल्या काजळीच्या पोटातून अंडं बाहेर आलं. अख्खं, स्वच्छ.

"आता चालेल ना, दादा?"

रोहिदास चालेल म्हणाला. परसात केळीशी त्यानं खड्डा खणला, काजळीला निजवलं, तिच्या पंखाखाली अंडं सारलं आणि माती ओढली.

अप्पा मान घेऊन परतले, चहाला बसले आणि रिकाम्या ताटलीकडे बघत राहिले. दोन सकाळी त्यांना उकडलेलं अंडं मिळालं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते शेजारून येऊ लागलं. त्यांचं गेलं ते एवढंच.