केसरचा पहारा

हरेश्वरचा डोळा लागला की केसर त्याला हलवून उठवायची आणि विचारायची, "अवो, झोप लागली का?"

यात तिचा दोष नव्हता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून होडी विकावी लागली, आणि तेव्हापासून नवरा भिंतीकडे तोंड करून पडायचा, कालवणाला हात लावायचा नाही. चौलला वयस्कर माणसांच्या मनाच्या आजारांचा दवाखाना भरे. तिथल्या डॉक्टर विनितांच्या गोळ्यांनी गडी हळूहळू बोलायला लागला. तेव्हा डॉक्टरबाईंनी केसरला बजावलं, झोप, जेवण, बोलणं, सगळ्यावर लक्ष ठेवा. गोळ्या कमी करायच्या की वाढवायच्या ते तुम्ही सांगाल त्यावर ठरवू. आपली नजर चुकली तर माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल, या धास्तीनं केसर रात्ररात्र त्याच्या उशाशी बसू लागली.

जन्मभर मासळी विकलेल्या बाईला पारख करायची एकच रीत ठाऊक. रोज सकाळी ती हरेश्वरला उजेडात बसवी, पापणी वर करून डोळ्याची चमक बघी, गालात बोट दाबून सोडी. पापलेटानं कधी तक्रार केली नव्हती. हरेश्वर कुरकुरू लागला. कुरकुर म्हणजे आजार उलटला, असं धरून तिनं बाजारातल्या बायकांनाही पहाऱ्यावर बसवलं. मग हरेश्वर चहाला निघो की दाढीला, वाटेत कुणीतरी गाठून "आता बरा हाय ना?" म्हणून विचारणारच. बिचारा तोंड चुकवून आडवाटेनं फिरू लागला. एकटा राहायला लागला, हे कळताच केसरचं धाबं दणाणलं.

आणि एका दुपारी तो दिसेनासाच झाला. केसर मासळीची पाटी तशीच टाकून किनाऱ्यावर धावली. तिच्यामागे बाजार, बाजारामागे निम्मा कोळीवाडा. कुणी जेटी पालथी घातली, कुणी देवळामागची विहीर बघून आलं. विहिरीचं नाव ऐकून केसर त्याला हाका मारत होड्यांमधून फिरू लागली. शेवटी शेजारच्या शिवदासनं रंगकामासाठी ओढून ठेवलेल्या होडीवरची ताडपत्री उचलली, तर आत हरेश्वर.

"हितं काय करताव?" केसर ओरडली.

"झोपतो," हरेश्वर म्हणाला. "घरी कुठं झोपू देतीस?"

दवाखान्याच्या दिवशी केसरनं हे सगळं रडकुंडीला येऊन सांगितलं. डॉक्टरबाईंनी हरेश्वरशी निवांत गप्पा मारल्या. तो जेवतोय, शिवदासशी पत्ते खेळतोय, पत्त्यांत भांडतोयसुद्धा. उत्तम चाललंय, गोळी अर्धी करू, म्हणाल्या.

केसरनं हात जोडले, आणि तिला एकदम हुंदकाच फुटला. इतके दिवस छातीत दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"ती होडी माजी पन व्हती, बाय," ती म्हणाली. "तिची पूजा मीच करायची. ती इकली तवा ह्यांना समद्यांनी इचारलं. मना कुनी न्हाय."

हरेश्वर उठला. पेशंटच्या स्टुलावर त्यानं बायकोला बसवलं आणि आपण तिच्या जागी बाकड्यावर टेकला.

"आता हिला बघा," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "समदं बरं हाय म्हनंल. आयकू नका. मी बी तसंच म्हनत व्हतो."