जालना आल्याशिवाय उतरायचं नाही

सकाळी साडेनऊला जाफराबादच्या एसटी स्टँडवर बाबूराव म्हस्के बाकावर ताठ बसतात, खिशातून दम्याचा निळा पंप काढतात, डोक्याच्या वर नेऊन खळाखळा हलवतात आणि गाडीची वाट बघणाऱ्या सगळ्यांना विचारतात, "हाय का कोणी दमेकरी? लाजू नका. बसा."

बहुतेक दिवशी कोणी पुढे येत नाही. बाबूरावांना त्याचं काही नसतं. ते पंप तोंडाला लावतात, दाबतात, श्वास आत ओढतात आणि डोळे मिटून गप्प बसतात. एवढा वेळ गप्प बसलेले बाबूराव दिवसातून तेवढेच बघायला मिळतात.

तीन वर्षांपूर्वी माझं मेडिकलचं दुकान स्टँडच्या बरोबर समोर आलं, तेव्हापासून हा कार्यक्रम मला रोज बघावाच लागतो. बाबूराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण अजून रिकाम्या बाकावरच्या माणसालाही "पुढं सरका" म्हणतात. पंपाचं औषध आत ओढल्यावर दहा मोजेपर्यंत श्वास रोखायचा असतो. बाबूराव दहा मोजत नाहीत. जाफराबादपासून जालन्यापर्यंत त्यांच्या गाडीचे दहा थांबे होते, ते मनातल्या मनात म्हणायचे. बाकावर बोटानं एकदा ठोकलं म्हणजे एक घंटी, श्वास रोखा. दोनदा ठोकलं म्हणजे डबल, सोडा. "आन जालना आल्याशिवाय उतरायचं न्हाई," असा दम भरतात. मधेच कोणी खोकलं, तर त्याला पुन्हा जाफराबादला आणून बसवतात.

माणूस चिकट, पण कामाचा. एकदा बाजारच्या दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्याला धरून माझ्या दुकानात आणलं. तो चार महिने पंप शर्टाची बटणं काढून छातीवर मारत होता, बाम लावावा तसा. वरून "गुण न्हाई" म्हणून डॉक्टरला शिव्या देत होता. बाबूरावांनी त्याला माझ्या स्टुलावर बसवून तीनदा जालन्याला नेलं. माझी गिऱ्हाईकं तेवढा वेळ उन्हात उभी होती.

माझा त्यांच्यावर राग होता, तो मात्र वेगळ्या कारणानं. एवढा पंपाचा गाजावाजा करणारा माणूस, पण माझ्या दुकानातून त्यानं कधी पंप नेला नाही. जालन्याहून आणत असतील, असं मी समजायचो. समोर दुकान असताना हे मनाला लागतंच. दुसरं म्हणजे, लोकांना जालन्यापर्यंत रोखून धरणारे बाबूराव स्वतः लवकर श्वास सोडायचे. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. टेंभुर्णीलाच उतरायचे. टेंभुर्णी त्यांच्या यादीत चौथी.

त्यांचाही माझ्यावर राग होता. आमच्याकडे पंप मागायला आलेला माणूस आधी मागे बघतो, मग हळूच म्हणतो, "ते निळं द्या." त्यातून लग्नाची मुलगी असली तर तिचा बाप येतो, आणि तोही दुसऱ्याचं नाव सांगून नेतो. मी पंप वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. बाबूराव बाकावरून ओरडायचे, "मेडिकलवाले, चोरीचा माल हाय का? पेपरात काऊन गुंडाळून राह्यले?"

"गिऱ्हाईक म्हणेल तसं करावं लागतं," मी म्हणायचो.

खरं सांगायचं तर माझ्या घरातही एक पंप असाच गुंडाळून जायचा. माझ्या मुलीला, पल्लवीला, आठवीपासून दमा आहे. हे बाबूरावांना मी कधी कळू दिलं नाही. त्यांना कळलं असतं तर सगळ्या स्टँडला कळलं असतं.

दसऱ्यानंतर पल्लवीला बघायला मुलाकडचे जालन्याला येणार होते, तिच्या मामाच्या घरी. निघताना मी तिच्या पर्समधून पंप काढला आणि कपाटात ठेवला. मी, मेडिकलवाला. ती म्हणाली, "बाबा, रस्त्यानं सोयाबीनची मळणी चालू आहे." मी म्हणालो, "तोंडाला रुमाल बांध. एका दिवसानं काय होतंय? तिथं पर्समधून पडला बिडला तर काय सांगायचं?" तिनं रुमाल बांधला.

एसटी वेळेवर आली नाही म्हणून काळीपिवळी जीपमध्ये बसलो. पुढच्या सीटवर बाबूराव. मला बघून त्यांनी मान फिरवली. गाव सोडून थोडं पुढे गेलो, तर रस्त्याला लागूनच मळणीयंत्र चालू होतं. समोरून बैलगाडी आल्यामुळे जीप तिथंच थांबली आणि सगळा भुसा आत आला. सगळेच शिंकले. पल्लवी शिंकली नाही. तिनं रुमाल ओढून काढला आणि माझा हात धरला. तिच्या गळ्याजवळ प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. ती पर्समध्ये हात घालून चाचपत होती, आणि तिथं काही नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

"बाबूराव," मी म्हणालो, "तुमचा पंप द्या. जल्दी."

बाबूरावांनी खिशात हात घातला. पंप बाहेर काढला, पण पुढे केला नाही. सगळी जीप त्यांच्याकडे बघत होती.

"रिकामा हाय," ते म्हणाले.

मला ते शब्द कळेचनात. मी तो हिसकावून घेतला आणि दाबला. नुसता टक असा आवाज झाला. मी त्या माणसाला काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही, कारण त्यांना वेळ नव्हता. ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून त्यांनी जीप वळवायला लावली, सरकारी दवाखान्याकडे. मग मागे येऊन पल्लवीसमोर जीपच्या फळीवर गुडघे टेकले.

"पुढं वाक, बाई. कोपरं मांडीवर. आता श्वास रोखायचा बिलकुल न्हाई. व्हट आवळून सोड, हळूहळू, चहा फुंकून राह्यली असं." फळीवर ते हळू ठोकू लागले. "आपली गाडी लहान हाय. एकच ठेशन धर. आलं. आता दुसरं."

दवाखाना येईपर्यंत त्यांनी असंच एकेक ठेशन धरलं. नर्सनं तिच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला, त्यात औषध सोडलं, आणि हळूहळू तिच्या ओठांचा रंग परत आला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकलो. बाबूराव पायरीवर बसले होते.

"तुम्हाला दमा नाही?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग हे काय नाटक?"

त्यांनी पंपाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "माझ्या बायकोला होता, शांताला. पुतण्याच्या लग्नात तिनं पंप काढला, तर मीच म्हणलो, लोकायसमोर नको काढू. एकदाच म्हणलो, भाऊ. तिनं ते मनात धरून ठेवलं. मंग मी किती बी सांगू, ती भिंतीमागं जाऊनच वढायची. बाजारात दम लागला तरी पदराआड. मंग मी काय केलं, तिचाच संपलेला पंप घेतला आन स्टँडवर समद्यायसमोर वढू लागलो. महिनाभर एकटाच वढला. एक दिवस ती येऊन बाजूला बसली, आन तिनं तिचा काढला." त्यांनी टोपण परत लावलं. "दोन वर्सं सोबत वढला आम्ही. तुमचं दुकान यायच्या आधीच ती गेली. तवाच बंद करायला हवा होता. पण म्हणलं, आसंल अजून कोणी पदराआड."

"आणि टेंभुर्णी?"

"तिला टेंभुर्णीच्या पुढं श्वास धरवत न्हवता. मी एकटा जालन्याला जाऊन काय करू?"

मला त्यांची माफी मागायची होती. मी मागितली, पण ते दुसरीकडेच बघत होते. "भरलेला असता तर," एवढंच ते दोनदा म्हणाले. मी म्हणालो, "बाबूराव, भरलेला मी कपाटात ठेवून आलो. माझ्या हातानं."

तिथूनच मी पल्लवीच्या मामाला फोन लावला आणि सांगितलं, पाहुण्यांना सांग, मुलीला दमा आहे, पंप घेते, व्यवस्थित राहते. पाहुण्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. अजून करताहेत.

पुढचे चार दिवस बाक रिकामा होता. दुकानात माझं लक्ष लागेना. पाचव्या दिवशी साडेनऊला बाबूराव आले, पण नुसतेच बसले. पंप काढला नाही. पल्लवी काउंटरच्या आत उभी राहून बघत होती. मला न विचारता ती रस्ता ओलांडून गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि पर्समधून पंप काढला. स्टँडवर दोन गाड्यांची माणसं होती. तिनं पंप डोक्याच्या वर नेऊन हलवला.

बाबूरावांनी तिच्याकडे बघितलं. मग खिशात हात घातला.

दोघांनी पंप तोंडाला लावले, तिचा भरलेला, त्यांचा रिकामा. त्यांनी बाकावर एक घंटी दिली. मी काउंटरवर हात ठेवून मनात थांबे म्हणू लागलो. चौथा आला, टेंभुर्णी. बाबूराव हलले नाहीत. गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून ते तिच्यासोबत बसून राहिले. दहावा थांबा आला तेव्हा त्यांनी डबल दिली.

"आलं जालना," ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.