गोवर आत सोडण्याबाबत

शरीराच्या दप्तरखान्यात, हाडाच्या आतल्या उबदार खोलीत, दप्तरीकाका नावाची एक म्हातारी पेशी नोकरीला होती. येऊन गेलेला आजार लक्षात ठेवायचा आणि तो पुन्हा दारात दिसला की शिट्टी फुंकायची, एवढंच काम. शरीराचे मालक सहा वर्षांचे असताना गोवर आला होता. काका त्याला अजून नुसत्या चालीवरून ओळखत.

एके सकाळी कार्यक्षमता अधिकारी मॅडम तपासणीला आल्या.

“काका, छत्तीस वर्षांत गोवराची एकही केस नाही. मग तुम्ही करता काय?”

“मी आहे म्हणून केस नाही, मॅडम! चारदा आला मेला. दारातूनच पिटाळला.”

“नोंद?”

“काही झालंच नाही, तर नोंद कशाची करू?”

“म्हणजे काही न होण्यासाठी छत्तीस वर्षं एक खुर्ची अडवली,” असं म्हणत मॅडमनी शेरा लिहिला: पद रद्द करावे.

काकांनी खुर्ची घट्ट धरली. पद रद्द झालेल्या पेशीला घरी पाठवत नाहीत, जागच्या जागी विरघळवतात.

“मॅडम, पाया पडतो. तो आत शिरला की सगळं दप्तर जाळतो हो!”

“ऐकीव गोष्टींवर कार्यालय चालत नाही. प्रात्यक्षिक घेऊ. पुढच्या वेळी शिट्टी वाजवायची नाही. नुकसान झालं, तर तुमची उपयुक्तता सिद्ध.”

तिसऱ्याच दिवशी गोवर आला. काकांनी शिट्टी ओठांना लावली, मॅडमनी ती काढून घेतली. गोवराने अभ्यागत वहीत सही केली, बिल्ला लावला आणि दप्तरखाना कुठे म्हणून विचारलं. पहारेकऱ्यांनी त्याला चक्क खांद्यावर बसवून आणून सोडलं! मग काय, सर्दी, गालगुंड, कांजिण्या, सगळ्यांच्या फायली धडाधड पेटल्या. वाचली एकच, गोवराची. ती काकांनी छातीशी धरली होती.

मॅडमनी अहवाल दिला: चाचणी यशस्वी, काकांना मुदतवाढ.

बाहेर जुन्या सर्द्यांची रांग लागली होती. “नवीन का? या, या, बसा,” मॅडम प्रत्येकीला म्हणत होत्या.

काकांनी कपाळावर हात मारला. “हे डोकं तुम्हीच चालवलंत का, बाई?”

“मी कशाला चालवीन? वरून आलं. मुलाच्या लशीचं कार्ड कचऱ्यात टाकताना मालकच म्हणाले, ‘इतक्या वर्षांत आपल्याला कधी काही झालंय का?’”

मालक सध्या अंथरुणात पडून ही गोष्ट वाचतायत. मघाशी हसताना खोकला आला होता, आठवतंय ना, मालक?