दोनय कान दिसाक व्हये

समुद्र झाकायला चादर बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे बाबलकाका. सगळ्या घरादाराने तारकर्लीला तंबू ठोकून राहायचं ठरलं, तेव्हा बाकीच्यांनी खाण्याचे डबे आणले. काकांनी कॅमेरा आणि इस्त्री केलेली पांढरी चादर आणली. दोन सुरूच्या झाडांमधे ती ताणून बांधली आणि म्हणाले, "मागे काय एक दिसाक नको."

मागे समुद्र होता, बिचारा.

काकांचा कणकवलीत फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज ही त्यांची खासियत. "दोनय कान दिसाक व्हये, नायतर रिजेक्ट जातलो!" हे ऐकतच आम्ही मोठे झालो. लग्नातसुद्धा ते नवरीच्या मुंडावळ्या कानामागे सारत. माझ्या बारशाच्या फोटोत माझं टोपडं काढलेलं आहे आणि मी अशी समोर बघतेय, की दुसऱ्या दिवशी नोकरीचा अर्जच भरायचाय. पुढे स्टुडिओ बंद झाला, पण काकांची सवय काही सुटली नाही.

दुपारी सुहासचा मस्कतहून फोन आला. सुहास म्हणजे काकांचा मुलगा. यंदाही त्याला रजा मिळाली नव्हती, आणि त्याची लेक जुई इथे आमच्याबरोबर होती.

"बाबानू, जुईचो खेळतानाचो फोटो धाडा," तो म्हणाला. "उभो केलेलो नको. माका तिका धावताना बघूचा आसा."

काकांनी मुकाट्याने चादर सोडली. पोरं वाळूत कुर्ल्यांच्या मागे धावत होती. काकांनी कॅमेरा उचलला मात्र, सगळी पोरं एका ओळीत उभी राहिली. ओले केस कानामागे, हनुवटी वर!

"खेळा रे मेल्यांनो!" काका ओरडले.

पोरं खेळायला लागली. कॅमेरा वर आला की पुन्हा सावधान. काका होडीच्या आड लपले, तंबूतून डोकावले. पण जुई बरोबर तिकडे तोंड करून दोन्ही कान दाखवायची. शेवटी तिने काळजीने विचारलं, "आजोबा, रिजेक्ट नाय ना जावचो?"

काकांचा चेहरा पडला. कॅमेरा माझ्या हातात देत ते म्हणाले, "धर गो. ह्या माज्याच्यान जमाचा नाय."

मग लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात शिरले आणि जुईच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं. जुई आधी चकित झाली, मग तिने परतफेड केली. सगळी पोरं धावून आली, लाट आली, आणि काका बदकन खाली बसले. मी बटण दाबत सुटले.

संध्याकाळी तंबूपुढे बसून त्यांनी फोटो पाहिले. एकात जुई तोंड भरून हसत होती, केस चेहराभर, कानांचा पत्ता नाही. शेजारी काका डोक्यापासून पायापर्यंत वाळूत माखलेले. आता 'रिजेक्ट' येणार म्हणून मी वाट बघत होते.

काकांनी अंगठ्याने पडद्यावरची वाळू पुसली.

"सुहास ल्हान असताना असोच हसायचो," मग ते हळू म्हणाले. "फोटो काडताना दर खेपेक मी तेका गप केलंय. तेच्या हसण्याचो एकय फोटो नाय गो माज्याकडे."

मी कॅमेऱ्याच्या पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढून मस्कतला पाठवला. सुहासचं उत्तर लगेच आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. "बाबानू, तुमचे कान खंय आसत?"

काका खो खो हसायला लागले. हसता हसता चादरीच्या टोकाने डोळे पुसायला लागले. मी कॅमेरा उचलला. सवयीने त्यांचा हात केसांकडे गेला, कानापाशी थोडा थांबला आणि तसाच खाली आला.